चार ओळी जास्त

१

विद्यार्थ्यांच्या सरावाचा अंक सकाळी छापून आला आणि पहिला तास संपायच्या आत रेक्टर तो हातात घेऊन पत्रकारिता विभागाच्या दारात उभ्या राहिल्या. मुलींच्या वसतिगृहाच्या या रेक्टर कधी आवाज चढवायच्या नाहीत. आजही चढवला नाही. त्यांनी अंक टेबलावर ठेवला, पहिल्या पानावरच्या एका वाक्यावर बोट टेकवलं आणि म्हणाल्या, "मॅडम, हे मी कधी बोलले?"

बातमीलेखन शिकवणाऱ्या बाईंनी चष्मा लावला. बातमी त्यांना जवळजवळ पाठ होती, कारण आदल्या दिवशी दुपारी तिच्या शेवटच्या प्रूफवर त्यांनीच सही केली होती. वसतिगृहाच्या मागच्या दाराला, म्हणजे आग लागली तर मुलींनी ज्यातून पळायचं त्या दाराला, साखळी घालून कुलूप ठोकलंय आणि किल्ली सापडत नाही, अशी ती बातमी. पण रेक्टरांचं बोट जिथे होतं तिथलं वाक्य बाई पहिल्यांदाच पाहत होत्या.

"आग लागली तर मुली खिडकीतून उड्या मारतील. तरुण आहेत, हातपाय मोडले तरी जुळतील," असं रेक्टर हसत हसत म्हणाल्या.

"मी हसले नव्हते," रेक्टर म्हणाल्या. "किल्ली सापडत नाही, एवढंच बोलले होते. तुमच्या त्या विद्यार्थिनीने ते रेकॉर्ड केलंय. ऐका हवं तर. माझ्या वसतिगृहात दोनशे पोरी राहतात मॅडम. त्यांच्या आयांना मी आता काय तोंड दाखवू?"

आयुष्यातली बरीच वर्षं बाईंनी वृत्तपत्राच्या डेस्कवर दुसऱ्यांच्या चुका पकडण्यात घालवली होती. मग डेस्क आक्रसलं आणि त्या या कॉलेजात करारावर शिकवायला आल्या. इथे एक वेगळीच झुंज होती. मुलं यंत्राकडून लेख लिहून आणायची आणि वर विचारायची, मॅडम, छान झालाय ना? पालक विचारायचे, यात नोकरी कुठे आहे? प्राचार्यांना सकारात्मक बातम्या हव्या असायच्या, आणि त्यांच्या लेखी सकारात्मक बातमी म्हणजे ज्यात त्यांचा फोटो आहे ती. या सगळ्यात बाईंनी हा चार पानी अंक हट्टाने चालू ठेवला होता. खऱ्या माणसांना खरे प्रश्न विचारल्याशिवाय बातमी शिकता येत नाही, यावर त्या कुणाचंही ऐकायच्या नाहीत.

रेक्टर गेल्या आणि पाठोपाठ प्राचार्यांच्या कार्यालयातून फोन आला. दुपारी शिस्तपालन समिती बसणार होती. बातमी लिहिणाऱ्या मुलीला कॉलेजातून काढायचं, अंक कायमचा बंद करायचा, आणि हे विधान विद्यार्थिनीने मनाने रचलं असं बाईंनी लिहून द्यायचं.

"आणि नाही दिलं तर?" बाईंनी विचारलं.

"तुमचा करार या महिन्यात संपतोय ना, मॅडम?" पलीकडचा आवाज अगदी गोड होता.

२

त्या मुलीला वर्गात सगळे टाचणी म्हणायचे. उत्तर मिळेपर्यंत टोचत राहायची तिची सवय होती. आज मात्र ती संगणकाच्या खोलीत भिंतीला टेकून उभी होती आणि ओठ चावत होती.

"मी नाही लिहिलं मॅडम."

"रेकॉर्डिंग लाव."

दोघींनी ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकलं. रेक्टरांचा खालचा आवाज, किल्ली सापडत नाही, बघतो आहोत. हसणं नाही, खिडकी नाही, उड्या नाहीत.

"हे समितीला ऐकवू ना?"

"त्यावरूनच तर त्यांनी तुला धरलंय. रेकॉर्डिंगमध्ये नाही म्हणजे तू पदरचं घातलंस." बाईंनी खुर्ची ओढली. "तू परवा मला म्हणाली होतीस, बातमी फार कोरडी झालीये. वर्गासमोर म्हणाली होतीस. त्यांना तेही कळलंय."

टाचणीचा चेहरा उतरला. "तुम्ही म्हणालात कोरडी असू दे, म्हणून मी तशीच ठेवली. मॅडम, मला काढलं तर आत्याला काय सांगू? बाबांशी भांडून तिने मला इथे घातलंय. ती अजून त्यांच्याशी बोलत नाही."

"अजून काढलेलं नाही," बाई म्हणाल्या.

पान लावणारा विद्यार्थी कोपऱ्यात बसला होता. त्याला सगळे कॉलम म्हणायचे. बातमी जागेत मावली नाही की हा डोळे झाकून शेवटचा परिच्छेद उडवायचा, आणि लिहिणाऱ्यांच्या शिव्या खायचा. पहिलं पान टाचणीला मिळालं म्हणून गेल्या आठवड्यात तो तिच्यावर धुसफुसला होता, हेही बाई विसरल्या नव्हत्या.

"प्रूफवर सही झाल्यावर पान कुणी उघडलं?" बाईंनी त्याला विचारलं.

"कुणीच नाही. म्हणजे, उघडंच होतं. आम्ही दोघं चहाला गेलो."

"संगणक चालू ठेवून?"

"बंद केला असता तरी काय," तो म्हणाला आणि पडद्याच्या कडेला बोट दाखवलं. तिथे पासवर्डची चिठ्ठी चिकटवलेली होती, अख्ख्या विभागाच्या सोयीसाठी. "परत आलो, पान बघितलं, छापखान्याला पाठवून दिलं."

"वाचलं नाहीस?"

"सगळं जागेत बसलेलं होतं मॅडम. मग कशाला वाचायचं?"

बाईंनी कपाळाला हात लावला. पान लावणारा पान बघतो, वाचत नाही. त्यांच्या डेस्कवरही हेच होतं.

"आम्ही चहाला गेलो तेव्हा इथे दोघं येऊन गेले," टाचणी म्हणाली. "जनसंपर्क अधिकारी. त्यांनी प्राचार्यांच्या फोटोचा पेन ड्राइव्ह ठेवला होता. आणि विभागप्रमुख सर. त्यांच्या शोधनिबंधाचं एक पान आम्ही परतलो तेव्हा प्रिंटरवर पडलेलं होतं."

बाईंनी सही केलेलं प्रूफ आणि छापलेला अंक शेजारी शेजारी ठेवले. खोटं विधान चांगलं चार ओळींचं होतं. म्हणजे ते बसवायला चार ओळी कुठून तरी काढाव्या लागल्या होत्या. त्यांनी बोट फिरवत शोधलं. दार तळमजल्यावर जिन्यालगत आहे, हे गायब. मुलींनी ते कोणत्या दिवशी पाहिलं, ते गायब. साखळी केवढी जाड, तेही गायब. शेवटचा परिच्छेद मात्र जसाच्या तसा होता. वसतिगृहाला गेल्या वर्षी नवा रंग दिला असून पुढच्या अंगणात फुलझाडांचे वाफे आहेत.

"ही फुलझाडं तू कशाला घातली होतीस?" बाई वैतागून म्हणाल्या.

"जागा उरली तर असू देत म्हणून. तुम्हीच सांगता ना, शेवटी टाकाऊ माल ठेवा."

तेवढ्यात शिपाई निरोप घेऊन आला. समितीची बैठक अलीकडे ओढली होती. बाईंच्या हातात आता दुपारच्या जेवणाएवढाही वेळ नव्हता.

३

जनसंपर्क अधिकारी एकेकाळी बातमीदार होते, आणि नावाजलेले होते. आता प्राचार्यांच्या भाषणांची प्रसिद्धिपत्रकं काढायचे. बाईंना पाहून त्यांनी दुसरी खुर्ची पुढे सरकवली.

"मी त्या खोलीत गेलो होतो. नाही म्हणणार नाही. तुम्ही माझ्यावरच संशय घेणार, ते साहजिक आहे. ती बातमी दाबली गेली तर फायदा माझ्याच साहेबांचा."

"पान बघितलंत?"

"पडद्यावर होतं, वाचलं. आता या खुर्चीत असलो तरी बातमीवर नजर जातेच हो. नीट लिहिलेली बातमी होती. कोरडी आणि पक्की. मी पण लिहायचो अशा." ते थांबले. "मग संसार वाढला."

"खिडकीतून उड्या मारायचं वाक्य होतं तेव्हा?"

"नव्हतं. असतं तर मी तुम्हाला फोन केला असता. रेक्टर असं बोलणारी बाई नाही."

खरं बोलत असतील तर वाक्य त्यांच्यानंतर घुसलं. खोटं बोलत असतील तर फारच सराईतपणे बोलत होते. बाईंना दोन्ही शक्य वाटलं.

विभागप्रमुखांच्या खोलीत पुस्तकांच्या वासाने नेहमी गुदमरायला व्हायचं. सरांकडे पत्रकारितेतली डॉक्टरेट होती. दरवर्षी पहिल्या आठवड्यात ते फळ्यावर उलटा पिरॅमिड काढायचे, महत्त्वाचं वर आणि बिनमहत्त्वाचं खाली, आणि त्याचा उगम, इतिहास, टीका असं सगळं अस्खलित सांगायचे. पत्रकारितेचं नीतिशास्त्रही तेच शिकवायचे. आत्ता ते एका विद्यार्थ्याचा प्रकल्प लाल पेनाने तपासत होते.

"बसा मॅडम. मला फार वाईट वाटतंय. पण लिहून द्या आणि मोकळ्या व्हा. विभाग वाचला पाहिजे. संस्थेने सरळ सांगितलंय, अशा बातम्या येत राहिल्या तर पुढच्या वर्षी आपले प्रवेश बंद."

"आणि मुलगी?"

"तरुण आहे. कुठेही प्रवेश मिळेल." त्यांनी प्रकल्पातलं अर्धं पान खोडलं. "बघा ना, ही मुलं किती फापटपसारा लिहितात. कोणत्या गल्लीत, कोणत्या वारी, कितव्या मजल्यावर. याला संशोधनात काय किंमत? पण समारोप छान जमलाय याला. समारोपाला मी कधी हात लावत नाही. लिहिणाऱ्याचं मन तिथे असतं."

"काल तुम्ही संगणकाच्या खोलीत गेला होतात."

"प्रत काढायला. पडद्याकडे पाहिलंही नाही." सरांनी पेनाचं टोपण लावलं. "मॅडम, तुम्ही डेस्कवरच्या आहात. संस्था कशी चालते ते तुम्हाला कळत नाही. हट्ट सोडा."

बाई उठल्या. हट्ट हा शब्द त्यांच्या डोक्यात गेला होता. तणतणत त्या जिन्यापर्यंत आल्या, आणि मधल्या पायरीवर थबकल्या. पिशवीतून अंक काढून त्यांनी बातमीचा शेवटचा परिच्छेद पुन्हा एकदा वाचला. मग कठड्याला धरून एकट्याच हसल्या. जिना चढणाऱ्या दोन मुली त्यांच्याकडे बघत बाजूने निघून गेल्या.

बाईंनी फोन काढून कॉलमला सांगितलं, "एक बातमी टाइप कर. मी तोंडी सांगते. आणि पाच प्रती घेऊन प्राचार्यांच्या खोलीत ये. पेन्सिली पण आण."

४

लांबट टेबलाच्या एका टोकाला प्राचार्य बसले होते. एका बाजूला विभागप्रमुख आणि जनसंपर्क अधिकारी, दुसऱ्या बाजूला टाचणी, कॉलम आणि बाई. बाईंच्या पुढ्यात एक कोरा कागद सरकवलेला होता.

"लिहा मॅडम," प्राचार्य म्हणाले.

"लिहिते. त्याआधी मला एक तास घ्यायचाय. कदाचित माझा इथला शेवटचा असेल, तेव्हा नाही म्हणू नका." बाईंनी प्रती वाटल्या. प्राचार्यांसमोरही एक ठेवली. "ही बातमी चार ओळींनी जास्त आहे. छापखाना खोळंबलाय. प्रत्येकाने चार ओळी काढायच्या. चला, पटकन."

"हा काय पोरखेळ आहे?"

"वर्ग आहे, सर. कॉलेजात असतो कधी कधी."

जनसंपर्क अधिकारी खाली मान घालून हसले आणि त्यांनी पेन्सिल उचलली. बातमी साधी होती. एक बस दिव्याच्या खांबाला धडकली. कुठे, कधी, किती जखमी, चालक काय म्हणाला. शेवटी, त्या रस्त्याच्या दुतर्फा जुनी झाडं असून संध्याकाळी लोक तिथे फिरायला येतात.

कॉलमने क्षणात काम संपवलं. टाचणीनेही. जनसंपर्क अधिकाऱ्यांनी तर नीट वाचायच्या आधीच तळाशी एक आडवी रेघ ओढली आणि पेन्सिल खाली ठेवली. विभागप्रमुख मात्र इथे एक शब्द, तिथे अर्धी ओळ असं कोरत राहिले. बाईंनी घाई केली तशी त्यांची पेन्सिल भरभर चालली.

बाईंनी कागद गोळा करून टेबलावर मांडले.

"कॉलमने झाडं उडवली. हिनेही झाडं उडवली. या साहेबांनी बातमीदारी सोडून इतकी वर्षं झाली, त्यांनीही झाडंच उडवली. बातमीच्या धंद्यात वाढलेला हात खालून कापतो. त्याला विचार करावा लागत नाही. प्राचार्य सरांनी पहिला परिच्छेद काढलाय."

"अपघात नकारात्मक वाटत होता," प्राचार्य पुटपुटले.

"आणि विभागप्रमुख सरांनी रस्त्याचं नाव काढलं, वार काढला, जखमींचा आकडा काढला. झाडं ठेवली." बाईंनी छापलेला अंक त्या कागदाशेजारी ठेवला. "आता हे बघा. काल कुणीतरी या बातमीत चार ओळी घुसवल्या, म्हणून चार ओळी काढाव्या लागल्या. मजला गेला, वार गेला, साखळीची जाडी गेली. फुलझाडं राहिली. हे काढण्यात कुणाचाच फायदा नव्हता. कॉलेजचा नाही, मुलीचाही नाही. ते फक्त सवयीने काढलं गेलं. तपशील म्हणजे फापटपसारा आणि शेवट म्हणजे समारोप, असं ज्याला वाटतं त्याच्या सवयीने. काल त्या खोलीत चौघं गेले होते. तिघांचे हात असे चालत नाहीत."

सर आपल्या कागदाकडे बघत होते.

"उलटा पिरॅमिड मी शिकवतो," ते शेवटी म्हणाले. "वीस वर्षं शिकवतोय."

"हो सर. विचारलं असतं तर तुम्ही बिनचूक सांगितलं असतं. पण कापायची वेळ तुमच्यावर कधी आली नव्हती. काल पहिल्यांदा आली."

"हा काही पुरावा होत नाही."

"नाही होत," बाई म्हणाल्या. "म्हणून मी तुम्हाला आरोपी म्हणत नाही. नुसतं विचारते. ही मुलगी आज कॉलेजातून जाणार आहे. खोटारडी हा शिक्का घेऊन जाणार आहे, आणि आपल्या धंद्यात तो पुसला जात नाही. तिच्याकडे बघून सांगा, तुम्ही नाही लिहिलंत म्हणून. मी लगेच सही करते."

सरांनी मान वर केली. टाचणी त्यांच्याकडे सरळ बघत होती. तिचे डोळे भरले होते, पण तिने ते खाली वळवले नाहीत.

"समज देऊन सोडतील असं वाटलं होतं मला," सर म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता. "खोटं विधान सापडलं की अंक काही महिने थांबेल. संस्था शांत होईल. विभाग वाचेल. हा विभाग मी उभा केलाय मॅडम. एका कपाटापासून."

"तुम्ही आम्हाला नीतिशास्त्र शिकवता, सर," टाचणी म्हणाली. तिने ते ओरडून म्हटलं नाही, म्हणून ते जास्त लागलं.

बाईंना सरांची कीव आली, आणि लगेच स्वतःचा रागही आला. विभाग वाचवायला या माणसाने एक पोर बळी द्यायला काढली होती. असा विभाग वाचवून त्यात शिकवायचं काय?

५

प्राचार्य सावरले. त्यांना सावरायला कधीच फार वेळ लागायचा नाही.

"ठीक आहे. गैरसमज होता, तो दूर झाला. मुलीला आम्ही माफ करतो. सर विभागातले ज्येष्ठ आहेत, त्यांचं नाव कुठे जाणार नाही. अंक तूर्त बंद राहील. मॅडम, तुमच्या कराराचं मी बघतो. ही गोष्ट या खोलीतच राहील."

सगळ्यांना आपापल्या घरी सुखाने जाता येईल, असा तो तोडगा होता. कॉलमने तर सुटकेचा निःश्वासही टाकला. बाई टाचणीकडे बघत होत्या. हे उत्तर त्यांनी द्यायचं नव्हतं.

"मला माफ कशाबद्दल केलं, सर?" टाचणीने विचारलं.

"हे बघ बाळ, आता शब्दात शिरू नकोस."

"माफी नकोय मला. दुरुस्ती छापायचीये. पहिल्या पानावर, तेवढ्याच जागेत. रेक्टर मॅडम ते बोलल्या नव्हत्या, आणि ते कुणी घातलं. मला त्यांच्याकडे जाऊन तोंडावर सांगायचंय." ती विभागप्रमुखांकडे वळली. "सर, त्यात तुमची बाजूही येईल. कपाटापासून विभाग उभा केलात ते सुद्धा. जसं बोललात तसंच लिहीन, एक शब्द पदरचा घालणार नाही."

सरांनी मान हलवली. "लिही," ते म्हणाले. "नावासकट लिही."

"अंक बंद आहे," प्राचार्यांचा आवाज चढला. "मॅडम, तुमच्या विद्यार्थिनीला आवरा."

"ती तिचं काम करतेय," बाई म्हणाल्या. "मी तिला हेच शिकवलंय, आणि तेवढ्यासाठीच तुम्ही मला पगार देता. द्यायचा नसेल तर नका देऊ. अंक छापू दिला नाहीत तर ही पोरं हाताने लिहून भिंतीवर लावतील. त्यांना रोखायला माझ्या कराराचा काय उपयोग?" पुढच्या महिन्यात घर कसं चालणार हे त्यांना माहीत नव्हतं. बाकी सगळं मात्र अगदी स्वच्छ दिसत होतं.

टाचणीने डोळे बाहीला पुसले. फोन टेबलावर ठेवून रेकॉर्डिंग चालू केलं आणि फोन प्राचार्यांच्या बाजूला सरकवला.

"सर, सकाळपासून सगळे त्या एका वाक्याबद्दल बोलतायत. दाराला कुलूप अजून तसंच आहे. मागच्या दाराची किल्ली कुठे आहे?"

"हा प्रश्न विचारायची ही जागा नाही."

"जागा कुठली ते सांगा, तिथे येऊन विचारते. किल्ली कुठे आहे?"

"हरवली आहे. रेक्टरांनी सांगितलंय तुला."

"त्यांनी सांगितलंय. पण तसं सांगायला त्यांना कुणी सांगितलं?"

हा प्रश्न बाईंच्याही डोक्यात आला नव्हता. रेक्टरांचा रेकॉर्डिंगमधला तो खालचा आवाज त्यांना आत्ता कुठे नीट ऐकू आला. प्राचार्यांनी जनसंपर्क अधिकाऱ्यांकडे पाहिलं. ही मुलाखत आता थांबवा, असा त्या पाहण्याचा सरळ अर्थ होता. ते थांबवणं हीच त्यांची नोकरी होती.

जनसंपर्क अधिकाऱ्यांनी फोनकडे पाहिलं, मग टाचणीकडे. घसा खाकरला.

"तुमच्या डावीकडच्या खणात आहे सर," ते म्हणाले. "मुली संध्याकाळी मागून बाहेर जातात म्हणून पालकांनी तक्रार केली होती, तेव्हा तुम्हीच साखळी घालायला लावली. किल्ली मीच आणून दिली होती तुम्हाला."

प्राचार्य खुर्चीत मागे टेकले. त्यांचा हात डाव्या खणावर गेला आणि तिथेच राहिला. बाईंनी समोरचा कोरा कागद टाचणीकडे सरकवला आणि आपलं पेन तिला दिलं.

टाचणीने प्राचार्य आणि जनसंपर्क अधिकारी, दोघांची नावं लिहून घेतली. मग वर पाहिलं.

"आणि सर, ती तिथे कधीपासून आहे?"